कंपनी करातील कपात आणि इंदूर

कंपनी करातील कपात म्हणजे कंपन्यांच्या नफ्यावरचा कर, म्हणजे निगम कर, कमी ठेवला की गुंतवणूक, रोजगार आणि अखेर करवसुलीही वाढते, असे मानणारे धोरण. यात दोन प्रश्नांची नेहमी सरमिसळ होते. सवलतीमुळे कारखाना कुठे उभा राहतो, हा एक; सवलत नसती तर तो देशात उभाच राहिला नसता का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इंदूरच्या आसपास हिंडून मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही.

होळकर संस्थानात ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकर कायदा लागू नव्हता. संस्थानाचा स्वतःचा औद्योगिक कर होता. त्याचे नियम १९२७ चे. हुकुमचंद (१९१५), राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या कापडगिरण्या त्याच राज्यात वाढल्या. त्याचे श्रेय एकट्या कराला देता येत नाही. माळव्याचा कापूस, रेल्वे आणि अफूच्या व्यापारात साठलेला सावकारी पैसा हाताशी होता. १९५० मध्ये केंद्राचा प्राप्तिकर मध्य भारत राज्यात (होळकर संस्थान त्यातच विलीन झाले होते) आला, सुरुवातीला सवलतीच्या दराने. गिरण्यांचा शेवट झाला तो बराच नंतर, आणि करामुळे नव्हे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागला. तोट्यातल्या गिरणीला नफ्यावरील कराच्या सवलतीचा काही उपयोग नसतो. जो कमावतो त्यालाच ती मिळते.

इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचे पीथमपूर धार जिल्ह्यात येते, आणि धार मागास जिल्ह्यांच्या यादीत होता. अशा ठिकाणच्या नव्या कारखान्याला प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०एचएचखाली दहा वर्षे नफ्याच्या २० टक्क्यांची वजावट मिळे. १९८०च्या दशकात आयशर आली, पुण्याहून फिरोदियांच्या बजाज टेम्पो आणि कायनेटिक होंडा आल्या. यादी धारची, पण साहेबांची घरे, मुलांच्या शाळा आणि शनिवारची खरेदी इंदूरची! पुढे पीथमपूरला आणि इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या टीसीएस-इन्फोसिसला विशेष आर्थिक क्षेत्राचा लाभ मिळाला: निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण माफी, पुढची पाच वर्षे निम्मी. २०११ पासून मात्र या क्षेत्रांनाही मॅट, म्हणजे सवलती असूनही भरावाच लागणारा किमान पर्यायी कर, लागू झाला.

सर्वात मोठी कपात २० सप्टेंबर २०१९ची. इतर वजावटी सोडणाऱ्या कंपन्यांना ३० ऐवजी २२ टक्के (अधिभार-उपकरासह २५.१७), तर नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. सरकारने सोडलेल्या महसुलाचा अंदाज १.४५ लाख कोटी रुपयांचा होता. पाठोपाठ कोविड आल्यामुळे परिणाम स्वच्छ मोजणे अवघड. तरी २०२३-२४च्या आर्थिक पाहणीने नोंदवले आहे की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला, पण नोकरभरती व पगारवाढ त्या वेगाने झाली नाही. त्याच २०२३-२४ मध्ये व्यक्तींचा प्राप्तिकर कंपनी करापेक्षा जास्त जमा झाला.

आयर्लंडचा १२.५ टक्के दर (२००३ पासून) हे समर्थकांचे आवडते उदाहरण. तिथे परदेशी कंपन्यांनी नोंदवलेला नफा इतका फुगला, की खरी अर्थव्यवस्था मोजायला त्या देशाला वेगळे माप काढावे लागले. बड्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी किमान १५ टक्के कराचा जागतिक करार २०२१ मध्ये झाला तो देशादेशांतल्या कर कमी करण्याच्या याच शर्यतीला वैतागून.

या सगळ्या चर्चेत सियागंजचा किराणा व्यापारी किंवा रामबागेतला मराठी भागीदारीतला छापखाना कुठेच बसत नाही. भागीदारी संस्थेला आजही सपाट ३० टक्के दर आहे. कंपनी करून घेतली तर २२. पण २०२० पासून लाभांशावर मालकाच्या हाती पुन्हा कर लागतो. म्हणून इंदूरचा सी.ए. आधी एवढेच विचारतो: नफा धंद्यातच ठेवणार, की घरी न्यायचाय?