सामना संपतो कुठे आणि ठरतो कुठे: प्लेऑफच्या पराभवातले दोन वेगळे क्षण

बास्केटबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, एखादा संघ हरला की दुसऱ्या दिवशी एकच क्लिप सगळीकडे फिरते. वेळ संपल्याच्या बझरच्या तोंडावर गेलेला शॉट, हुकलेला पास, गोंधळून चेंडू घेऊन भलतीकडे धावलेला खेळाडू. ‘सामना तिथेच गेला’ असं आपण म्हणून टाकतो. मला हे खटकतं, कारण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक असतो अखेरचा घाव, ज्यानंतर पराभव भरून काढायला वेळच उरत नाही. दुसरा असतो निर्णायक क्षण, ज्यानंतर हरणाऱ्या संघासमोरचे मार्ग एकदम कमी होतात. दोन्ही कधीकधी एकाच जागी येतात. पण बरेचदा येत नाहीत, आणि मग खापर भलत्याच माणसाच्या डोक्यावर फुटतं.

ओळखायचं कसं? तो क्षण मनातल्या मनात उलटा करून बघायचा. तसं घडलं नसतं तर पुढे काय शक्य होतं, हे विचारायचं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 2013 च्या एनबीए (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) फायनल्सचा सहावा सामना. मालिकेत आधी चार सामने जिंकेल तो संघ विजेता. सॅन अँटोनियो स्पर्स मालिकेत 3-2 ने पुढे होते, सामना प्रतिस्पर्धी मायामीच्या घरी होता. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा स्पर्सकडे 10 गुणांची आघाडी होती. शेवटची 28 सेकंद उरली तेव्हा ती 5 होती, 94-89. करंडक देण्याच्या तयारीसाठी कोर्टभोवती पिवळी दोरी लावायला सुरुवातही झाली होती. आणि मग मायामीच्या रे ॲलनने उजव्या कोपऱ्यातून 5.2 सेकंद बाकी असताना तीन गुणांचा शॉट मारला, 95-95. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळात, मायामी 103-100 ने जिंकली.

क्लिप ॲलनची आहे आणि ती असायलाच हवी. नजर चेंडूवर ठेवून उलट्या पावलांनी कोपऱ्यात जाणं, पाय रेषेच्या बाहेर पडणं, स्पर्सचा टोनी पार्कर अंगावर येत असताना शॉट सोडणं, हे सगळं विलक्षण होतं. पण हा अखेरचा घावसुद्धा नव्हता. त्यानंतर पार्करला जिंकवणारा शॉट घ्यायची संधी मिळाली आणि पाच मिनिटांचा ओव्हरटाइमही झाला. तो निर्णायक होता असंही मला वाटत नाही.

माझ्या मते सामना ठरला तो त्याच्या आधी, दोन जागी. पहिली जागा फ्री थ्रोची (फाउलनंतर अडथळ्याविना मिळणाऱ्या एका गुणाच्या शॉटची) रेषा. मायामीने एक शॉट चुकवला, रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) पुन्हा त्यांनाच मिळाला आणि लेब्रॉन जेम्सने तीन गुण काढले, 94-92. मायामीने लगेच स्पर्सच्या कवाय लेनर्डला फाउल केलं. 19 सेकंद बाकी, दोन फ्री थ्रो. पहिला चुकला, दुसरा गेला, 95-92. दोन्ही गेले असते तर आघाडी 4 ची झाली असती. 3 आणि 4 मध्ये फरक एकाच गुणाचा दिसतो, पण खेळ पूर्ण बदलतो. 4 च्या आघाडीवर तीन गुणांचा शॉट बसला तरी बरोबरी होत नाही. मायामीला चेंडूचा ताबा आणखी एकदा मिळवावा लागला असता आणि घड्याळ त्यांच्या विरोधात होतं. लेनर्ड तेव्हा 21 वर्षांचा होता.

दुसरी जागा स्पर्सचा बाक. त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात मायामीच्या दोन्ही आक्रमणांच्या वेळी प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकनला बाहेर ठेवलं. त्या रात्री डंकनचे 30 गुण आणि 17 रिबाउंड होते. पोपोविच यांचं गणित समजण्यासारखं आहे. मायामीला तीन गुणच हवे होते, रेषेबाहेर पळणाऱ्या नेमबाजांवर झेप घ्यायला चपळ पाय हवेत, आणि 37 वर्षांच्या डंकनकडे ते नव्हते. बचावाने आपलं काम केलंही. दोन्ही वेळा लेब्रॉनचा पहिला शॉट हुकला. फक्त दोन्ही वेळा चेंडू मायामीच्याच हाती गेला. दुसऱ्या वेळी ख्रिस बॉशने तो वरच्या वर पकडला आणि ॲलनकडे दिला. रिबाउंडसाठी ज्याच्याइतका भरवशाचा माणूस संघात नव्हता, तो बाकावर बसून हे पाहत होता.

पोपोविच यांना मी दोष देत नाही. योग्य विचार करून घेतलेल्या निर्णयाचं फळ वाईट मिळू शकतं. मला जास्त प्रश्न पडतो तो दुसऱ्या पर्यायाचा: 3 ने पुढे असताना मुद्दाम फाउल करून मायामीला दोन फ्री थ्रो का दिले नाहीत? त्यात धोका आहे. खेळाडू शॉटच्या हालचालीत असेल तर तीन फ्री थ्रो मिळतात. तरीही ‘त्यांनी तो शॉट मारला’ एवढ्यावर थांबलं, की हा सगळा विचारच नजरेआड होतो.

2018 च्या फायनल्सचा पहिला सामना, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट, हे गल्लतीचं दुसरं रूप. क्लीव्हलँडच्या जे. आर. स्मिथने 107-107 असताना रिबाउंड घेतला आणि शॉट घ्यायचं सोडून चेंडू अर्ध्या कोर्टाकडे नेला. लेब्रॉनचे (आता क्लीव्हलँडकडून) पसरलेले हात जगाने पाहिले. त्या रात्री त्याचे 51 गुण होते, त्यामुळे तो राग अजूनच टोचतो. पण क्षण उलटा करून बघा. स्मिथने शॉट घेतला असता तर तो बसलाच असता असं नाही. न बसता तर ओव्हरटाइमच झाला असता, जो तसाही झाला. त्याच्याआधी जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो गेला असता तर क्लीव्हलँड थेट 1 ने पुढे असतं. त्याच्याही आधी, 36 सेकंद उरली असताना, गोल्डन स्टेटच्या केव्हिन डुरांटविरुद्ध दिलेला, आक्रमण करताना झालेला फाउल पंचांनी रिप्ले बघून लेब्रॉनवर फिरवला आणि 104-102 ची क्लीव्हलँडची आघाडी डुरांटच्या दोन फ्री थ्रोंनी पुसली गेली. ओव्हरटाइममध्ये क्लीव्हलँडने 17 गुण दिले आणि 7 केले. एवढं सगळं स्मिथच्या एका गोंधळावर ढकलणं अन्याय आहे.

कधी निर्णायक क्षण इतका साधा असतो की त्याची क्लिपच होत नाही. 2019 मध्ये फिलाडेल्फिया सातव्या सामन्यात टोरांटोकडून 92-90 ने हरली. लेनर्डचा (तोच, आता टोरांटोकडून) शॉट रिंगवर चार वेळा उडून आत पडला. इथे शॉट हा खराखुरा अखेरचा घाव आहे, घड्याळात काहीच उरलं नव्हतं. पण फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड कोर्टवर होता ती सुमारे 45 मिनिटं फिलाडेल्फिया 10 गुणांनी सरस होती. तो दम घेत बसला त्या तीनेक मिनिटांत संघाने 12 गुणांचं नुकसान सोसलं. बदली खेळाडूंची ती मिनिटं कुणाच्या लक्षात राहणार?

दोन्ही एकाच जागी येण्याचं उदाहरण 2016 चं. क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट यांच्या फायनल्सचा सातवा सामना, 89-89, कितीतरी वेळ कुणालाच गुण करता येत नव्हते. 53 सेकंद बाकी असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीच्या डोक्यावरून तीन गुण मारले. त्यानंतर गोल्डन स्टेटला एकही गुण करता आला नाही. इथे क्लिप आणि निकाल यांच्यात अंतर नाही. तरी मालिकेकडे बघायचं तर गोल्डन स्टेट 3-1 ने पुढे असताना पाचव्या सामन्यात त्यांचा ड्रेमंड ग्रीन निलंबित होता, हे विसरून चालत नाही.

आणि मालिकेचा विचार केला की निर्णायक क्षण जिंकलेल्या सामन्यातही सापडू शकतो. 2018 मध्ये ह्यूस्टन सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटकडून 101-92 ने हरलं. मध्यंतराला 11 ने पुढे होतं. मग तीन गुणांचे सलग 27 शॉट हुकले, आणि आजही लोक तोच आकडा सांगतात. पण त्यांतला नेमका कुठला शॉट निर्णायक? विसावा? तेविसावा? एकही वेगळा काढता येत नाही. मी मागे जाऊन पाचव्या सामन्याचं शेवटचं मिनिट बघतो. ह्यूस्टन तो सामना 98-94 ने जिंकत होतं, मालिकेत 3-2 ने पुढे जात होतं, आणि त्यांचा ख्रिस पॉल मांडीचा मागचा स्नायू धरून थांबला. शॉट पडेनासे झाले की खेळाचा वेग उतरवून, दोन गुणांचा हमखास शॉट काढून देणारा त्यांचा माणूस तोच होता. सहाव्या आणि सातव्या सामन्यात तो साध्या कपड्यांत बाकावर होता. दोन्ही सामन्यांत ह्यूस्टनने मध्यंतराची आघाडी गमावली.