पुडिंग, क्रूस आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्यापर्यंत नेलं त्यांच्याशीच त्या पुढे कडाक्याच्या भांडल्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्यांनी काढलेली विधवांची आणि मुलींची शाळा, शारदा सदन, कुठल्याही चर्चच्या छत्राखाली का नव्हती, हे समजून घ्यायचं तर या भांडणापर्यंत मागे जावं लागतं.

1882 मध्ये वैधव्य आलं आणि रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना या देशाला बायका डॉक्टर हव्यात असं ठणकावून सांगितलं. स्वतःलाही वैद्यकीच शिकायची होती. पुण्यातल्या पाच हौद मिशनच्या अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या) सिस्टरांशी, जोगिणींशी, ओळख झालेली होती. त्यांचा मूळ मठ इंग्लंडात वॉन्टेज गावी. तिथे राहून इंग्रजी शिकायचं आणि हिंदुस्थानात येऊ घातलेल्या सिस्टरांना मराठी शिकवायचं, असं ठरलं. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या पैशांतून प्रवासाची सोय झाली. 1883 मध्ये छोटी मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत यांना घेऊन त्या बोटीत बसल्या.

पुढचे काही महिने भयंकर गेले. आपल्याला जबरदस्तीने बाटवतील या धास्तीने आनंदीबाईंनी परक्या देशात जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 29 सप्टेंबर 1883 रोजी, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स मायेने सांभाळतात, हे पाहून आपलं मन वळलं, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. डॉक्टरकीचं स्वप्न मात्र तिथेच संपलं, कारण त्यांना कानांनी कमी ऐकू येई. 1884 पासून त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात प्राचार्या डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकू आणि शिकवू लागल्या.

खटके उडाले ते यानंतर. वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात 'आजीबाई' म्हणत. आजीबाईंची अपेक्षा अशी की पोरीने आता निमूटपणे चर्चचं ऐकावं. पोरगी होती अनंतशास्त्री डोंगऱ्यांची, संस्कृत वादविवादात वाढलेली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर तिने शंका काढल्या, बायबल स्वतः वाचून जे पटेल तेच मानीन म्हणाली. एका पुरोहितवर्गाचं जोखड नुकतंच महत्प्रयासाने उतरवलंय, लगेच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं तिचं उत्तर आजही वाचताना झणझणीत लागतं.

तत्त्वांच्या वादापेक्षा मला घरगुती वाद जास्त बोलके वाटतात. रमाबाई तिथेही शाकाहारीच राहिल्या. जेराल्डीनना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी कळवलं की तुम्हाला माझा गर्व पाय-पुडिंगात, दूध-लोण्यात, बूट-मोज्यांत, अगदी मी रोज जाळते त्या कोळशातसुद्धा शोधायचा असेल तर खुशाल शोधा. वर विचारलं, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि तिने आपले रिवाज सोडले नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं चालेल का? क्रूसाचंही तेच. त्यावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं.

यात बिशपांनीही उडी घेतली. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं अशी सूचना पुढे येताच, हिंदुस्थानात याचा बोभाटा होईल म्हणून मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना हसावं की रडावं कळेना. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जे कधी अडवलं नाही, ते इंग्रज माणसं अडवतात, हे त्यांनी बीलबाईंना स्पष्टच लिहिलं. सुधारणा शिकायला ज्या देशात गेल्या, तिथे ही गत! बीलबाई स्वभावाने समजूतदार म्हणून निभावलं. हा सगळा पत्रव्यवहार जेराल्डीननीच जपून संकलित केला म्हणून आपल्या हाती आहे, हे त्यांचंही मोठेपण मानायला हवं.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच दोनेक वर्षं रमल्या. तिथे नाना पंथांची चर्चेस शेजारी-शेजारी नांदताना दिसली, एका बिशपचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हतं. व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, निधी उभा राहिला. 1887 च्या अखेरीस बोस्टनमध्ये त्यांच्या नावाची असोसिएशन निघाली. तीत वेगवेगळ्या पंथांची माणसं होती आणि शाळेत धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेलं होतं.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे पुण्याला आलं. ब्राह्मण मुलींना आपलं सोवळं-ओवळं आणि पूजाअर्चा पाळायला मोकळीक होती. मिशनरी मंडळींना हे रुचलं नाही. रमाबाई सकाळी प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार मात्र उघडं असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. दार लावून घ्या, असं हितचिंतकांनी सुचवलं. रमाबाईंनी साफ नाही म्हटलं. मुलींना बाटवलं जातंय म्हणत 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, आणि 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले.