मागचे बुश बदलताना बोल्ट नेमका कधी आवळायचा?

स्पीडब्रेकर अगदी सावकाश ओलांडला तरी मागून एकच जड 'टक' ऐकू येतो. उड्डाणपुलाच्या जोडावर, विशेषतः वळणात, गाडीचा मागचा भाग किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटतो. दहा-बारा पावसाळे मुंबईत काढलेल्या गाडीत ही लक्षणं दिसली की संशय आधी शॉकअपवर जातो. दोन नवे शॉकअप बसतात, बिल भरलं जातं आणि 'टक' तसाच राहतो. खरा दोषी पुष्कळदा मुठीएवढा रबरी बुश असतो. तो बदलूनही वर्षभरात पुन्हा फाटला, तर रबराला नावं ठेवण्याआधी बोल्ट कधी आवळला होता ते विचारावं.

स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी अशा हॅचबॅकमध्ये मागची दोन्ही चाकं एका आडव्या पोलादी बीमला जोडलेली असतात. बीमच्या दोन्ही टोकांच्या भुजा पुढे येतात आणि प्रत्येक भुजा एका बुशमधून बॉडीला जोडलेली असते. मागची सगळी हालचाल या दोन बुशांभोवतीच होते. जुन्या आल्टोची रचना वेगळी आहे. तिथे सलग अ‍ॅक्सल, दोन लांब दांडे आणि एक आडवा दांडा असतो; बुश लहान असतात पण संख्येने जास्त. तत्त्व मात्र तेच.

बुश म्हणजे एकात एक दोन पोलादी नळ्या आणि मधे दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीवरच्या ब्रॅकेटमध्ये चिमटली जाते आणि जागची हलत नाही. बाहेरची नळी भुजेत दाबून बसवलेली असते, तीही भुजेत फिरत नाही. मग चाक वर-खाली होतं कसं? रबर पिळलं जातं म्हणून. इथे काहीच कशावर घसरत नाही, त्यामुळे ग्रीसचंही काम नाही. बुशला बेअरिंग समजण्यातून बहुतेक चुका होतात.

रबर दाबून त्याचं आकारमान फारसं कमी होत नाही. ते फक्त आकार बदलून दुसरीकडे सरकतं. म्हणून पुष्कळ बुशांमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पोकळीच्या दिशेने बुश मऊ असतो आणि खड्ड्याचा धक्का गिळतो. आडव्या दिशेने तो ताठ असतो आणि वळणात चाक सरळ धरतो. असा बुश नुसता बसवून चालत नाही, तो ठरलेल्या कोनातच बसवावा लागतो.

अमेरिकन संशोधक चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासह तापवून पाहिलं आणि त्याच्या रेणूंच्या सुट्या साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या. तरी साखळ्यांमधले बरेच दुहेरी बंध शिल्लक राहतात आणि हवेतला ओझोन नेमका त्यांवर हल्ला करतो, तोही ताणलेल्या रबरावर. ताणाला आडव्या जाणाऱ्या बारीक भेगा पडतात त्या अशा. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि कमकुवत होतं. पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल फवारून घेतलं की पत्रा वाचतो, पण बुशचं आयुष्य घटतं. हा सौदा तोट्याचाच.

तपासणी सोपी आहे. आधी डिकीतला जॅक, पाने आणि स्टेपनी घट्ट आहेत का ते पाहावं. अर्धे 'टक' तिथेच सापडतात. मग गाडी स्टँडवर घेऊन भुजा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच रेटावं. रबर थोडं दबेल, ते ठीक. वरवरच्या बारीक भेगाही चालतात. रबर नळीपासून सुटलेलं दिसलं, आरपार फाट असली किंवा आतली नळी मधोमध न राहता एका बाजूला बसली असली, तर दोन्ही बाजूंचे बुश एकदम बदलावेत. एकच बदलला तर एक बाजू ताठ, एक ढिली, आणि गाडी ब्रेक मारताना तिरकी ओढते.

सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतं, पण जुना बुश किंवा पार्ट नंबर घेऊनच जावं. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत बुशचा व्यास वेगळा असू शकतो. नवे बोल्टही घ्यावेत; टॉर्क, म्हणजे आवळण्याचा ठरावीक पीळ, देऊन वर ठरावीक कोनात फिरवायचे बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात.

गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर चाकाच्या केंद्रापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावं. हे दोन आकडे पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी बॉडीच्या मजबूत जागी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. हँडब्रेकच्या केबल, ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवावी, नाहीतर बीम खाली येताना त्याचं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. बीमला जॅकचा आधार देऊन शॉकअपचे खालचे बोल्ट काढावेत आणि जॅक सावकाश उतरवावा. स्प्रिंग मोकळ्या होतात.

खरा झगडा बुशच्या बोल्टशी. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो आतल्या नळीला गंजाने चिकटतो. पाना फिरवला की बोल्ट थोडा फिरतो आणि सोडला की रबराच्या पिळाने परत येतो. असं झालं की समजावं, नळीही बोल्टबरोबर फिरते आहे. जोर वाढवण्यात अर्थ नसतो, कारण पुष्कळ गाड्यांत नट बॉडीच्या आत वेल्ड केलेला असतो. तो सुटला तर पत्रा कापावा लागतो. आदल्या दिवसापासून दोन-तीनदा गंज सोडवणारं तेल मारावं, आणि तरीही हलला नाही तर बुशच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट करवतीने कापावा.

जुना बुश काढण्याआधी त्याच्या पोकळीची दिशा भुजेवर पंच मारून खुणावावी. काढायला जाड थ्रेडेड रॉड, एका बाजूला बुशहून मोठी वाटी आणि दुसऱ्या बाजूला बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान चकती पुरते. काही जण गॅसच्या ज्योतीने रबर जाळतात. पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असताना हा उद्योग करू नये. धूरही विषारी असतो.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. हिशेब करून पाहा: ६० मिमी व्यासाची पोलादी नळी ३० अंशांवरून उणे १८ वर नेली तर साधारण ०.०३५ मिमी आकसते. मदत होते, पण नुसत्या हाताने आत जाईल इतकी नाही. भोक एमरी पेपरने साफ करणं जास्त कामाचं. दाब फक्त बाहेरच्या नळीच्या कडेवर द्यावा, आतल्या नळीवर दिला की रबर पहिल्याच दिवशी उखडतं. निसरडेपणासाठी साबणाचं पाणी वापरावं.

आता बोल्ट. गाडी हवेत आहे, चाकं लोंबकळताहेत, पाना हातात आहे. आवळून टाकायचा मोह इथेच होतो. भुजा ४०० मिमी लांब आणि चाक नेहमीच्या उंचीपेक्षा १०० मिमी खाली असेल, तर भुजा सुमारे १४ अंश झुकलेली असते. त्या अवस्थेत आतली नळी चिमटली, की गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर १४ अंश पिळलेलंच राहतं. वर खड्ड्यात चाक ८० मिमी उचललं गेलं की आणखी साधारण १२ अंश. म्हणजे ज्या रबराला एका बाजूला १२ अंश सोसायचे होते, त्याला २६ सोसावे लागतात. पिळामुळे गाडी मागून किंचित उंचही बसते, आणि मालक ती उंची नव्या बुशची मजबुती समजतो.

म्हणून बोल्ट आधी हातानेच बसवावेत. स्प्रिंग, शॉकअप जोडून चाकाखाली किंवा हबखाली जॅक लावावा, आणि सुरुवातीला लिहिलेलं अंतर दोन्ही बाजूंना जुळेपर्यंत उचलावं. मगच टॉर्क रेंचने सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्क द्यावा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत डिकीतली पोलादी टाकी कायमचा भार असते, म्हणून उंची टाकी जागेवर असतानाच मोजलेली असावी. टाकी काढून मोजलेली उंची त्या गाडीची नव्हेच.

पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, हे अर्धसत्य आहे. ते बहुधा नळीला चिकटलेले नसतात, नळीवर फिरतात. त्यांना ठरावीक ग्रीस लागतं, आणि पावसात ते धुऊन गेलं की कुईकुई सुरू होते. रोजच्या गाडीला रबरच बरं.

शेवटी अलाइनमेंट. अशा बहुतेक बीममध्ये मागच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाक किती आत किंवा बाहेर वळलं आहे ते, बदलायची सोय नसते, पण मशीनवर तो वाचता येतो. नव्या बुशांनंतरही दोन चाकांचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर बीम किंवा चाक ज्यावर बसतं तो स्टब कुठल्यातरी खड्ड्यात वाकलेला आहे, आणि मग टायरची कड खाल्ली जाणं बुशने थांबणार नाही.