अतिरिक्त मृत्यू: पण कशापेक्षा अतिरिक्त?

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघत असे. जॉन ग्रॉन्ट नावाच्या एका व्यापाऱ्याने अशा अनेक वर्षांच्या याद्या चाळून १६६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १६२५ हे प्लेगचं वर्ष. त्या वर्षी प्लेगच्या खात्यात ३५,४१७ मृत्यू लिहिलेले होते, पण ग्रॉन्टचं लक्ष गेलं ते उरलेल्या मृत्यूंकडे. इतर आजारांनी मेलेल्यांचा आकडाही त्या वर्षी आगेमागच्या वर्षांपेक्षा भलताच फुगला होता. बाकीचे सगळे आजार नेमके प्लेगच्याच वर्षी कसे बळावतील? प्लेगचं नाव निघालं की घराला टाळं लागायचं, म्हणून घरचे लोक दुसरं काहीतरी कारण सांगत. प्लेगचे बळी नोंदीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने जास्त असावेत, असा ग्रॉन्टने अंदाज बांधला. मृत्यूचं कारण खोटं सांगता येतं, मृत्यू लपवणं त्याहून कितीतरी अवघड असतं.

अतिरिक्त मृत्यूंचा हिशेब आजही याच वजाबाकीवर उभा आहे: झालेले मृत्यू वजा अपेक्षित मृत्यू. पहिली संख्या नोंदणीत सापडते. दुसरी कुठेही लिहिलेली नसते, ती कुणीतरी ठरवावी लागते. खरा वाद कायम या दुसऱ्या संख्येचाच असतो, आणि मध्यमवयीन माणसांच्या बाबतीत तो सर्वात तीव्र होतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ साली मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८३९ पासून पुढची चार दशकं विल्यम फार या नोंदींचा अभ्यास करत होते. त्यांनी देशातले सर्वात निरोगी जिल्हे निवडले. तिथे दर हजारी १७ मृत्यू होत असत. इतरत्र त्याहून वर जितके मृत्यू होतील तितके टाळता येण्याजोगे, असं त्यांनी धरलं. ही निवड मला फार मोलाची वाटते. मागच्या वर्षांची सरासरी घेतली असती, तर गलिच्छ वस्त्यांमधलं मरण 'नेहमीचं' ठरून हिशेबातून निसटलं असतं.

पुढे ही पद्धत मुख्यतः अचानक आलेल्या संकटांसाठी वापरली गेली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुकं बसलं, तेव्हा सुमारे ४,००० जादा मृत्यू मोजले गेले. १९६३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सर्फलिंग यांनी फ्लूच्या साथींसाठी ऋतूंप्रमाणे वरखाली होणारी अपेक्षित मृत्यूंची रेषा आखून दिली. अशा वेळी आलेखावर उंचवटा सरळ दिसतो. मध्यमवयात तसं होत नाही. तिथे मृत्यू वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, आणि एकूण मृत्यूंमध्ये वृद्धांचाच वाटा मोठा असल्याने ती वाढ बेरजेत बुडून जाते. म्हणून वयोगट वेगळा काढावाच लागतो.

हे सर्वांच्या डोळ्यांवर आलं ते २०१५ मध्ये. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या ४५ ते ५४ वयाच्या, हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक, मुख्यतः लॅटिन अमेरिकी वंशाच्या) नसलेल्या गोऱ्या लोकांचे मृत्युदर तपासले. १९९८ पर्यंतची दोन दशकं हा दर वर्षाला सुमारे २ टक्क्यांनी उतरत होता. त्यानंतर तो चढू लागला आणि २०१३ पर्यंत लाखामागे ३४ ने वाढून ४१५ वर गेला. लाखामागे ३४ म्हणजे किरकोळ वाटतं, पण १ कोटी माणसांमागे ते वर्षाला ३,४०० मृत्यू होतात. कारणं होती अमली पदार्थ आणि दारूची विषबाधा, आत्महत्या, यकृताचे विकार.

याच शोधनिबंधात 'अपेक्षित'चा प्रश्न उघडा पडतो. दर १९९८ च्या पातळीवर नुसता थांबला असता, तर १९९९ ते २०१३ या काळात ९६ हजार मृत्यू टळले असते. तो आधीच्याच वेगाने उतरत राहिला असता, तर सुमारे ५ लाख. माणसं तीच, वर्षं तीच, आणि उत्तरात पाचपट फरक. माझ्या मते दुसरा आकडाच प्रामाणिक आहे, कारण इतर श्रीमंत देशांत त्या वयाचा मृत्युदर त्याच काळात उतरतच होता.

लगेच एक नेमका आक्षेपही आला. मोठेपणी मृत्यूचा धोका वयाबरोबर ठरावीक पटीने वाढतो, साधारण आठ वर्षांत दुप्पट होतो. हा नियम बेंजामिन गॉम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्येच मांडला होता. ४५ ते ५४ या गटात सगळे सारख्या वयाचे नसतात. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी या गटातून पुढे सरकत गेली, तसं गटाचं सरासरी वय जेमतेम अर्ध्या वर्षाने वाढलं. तेवढ्यानेच मृत्युदर ४ टक्क्यांच्या आसपास वर जातो. अँड्र्यू गेलमन आणि जोनाथन ऑरबाख यांनी वयाची ही दुरुस्ती केली, तेव्हा वाढ २००५ च्या सुमारापर्यंतच उरली. त्यानंतर स्त्रियांचा दर चढत राहिला, पुरुषांचा उतरला. घट थांबली हा मूळ मुद्दा मात्र टिकला.

कोविडनंतर हाच वाद ब्रिटनमध्ये पेटला. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मागच्या पाच वर्षांची सरासरी सोडून २०२४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली. ती लोकसंख्येची वाढ आणि तिचं वाढतं वय हिशेबात धरते. त्यासरशी २०२३ चे अतिरिक्त मृत्यू सुमारे ३१ हजारांवरून ११ हजारांवर आले. एकूण आकडा असा आक्रसत असताना वयोगटांची फोड वेगळंच सांगत होती. जून २०२२ नंतरच्या वर्षभरात ६५ च्या पुढे अपेक्षेपेक्षा सुमारे ९ टक्के मृत्यू जास्त होते, तर ५० ते ६४ या वयात सुमारे १५ टक्के.

या वयाच्या ताज्या आकड्यांना आणखी एक अडचण आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आत्महत्येची किंवा अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूची नोंद कॉरोनरची, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी संपल्याशिवाय होत नाही, आणि त्यात कित्येक महिने जातात. असे मृत्यू वृद्धांपेक्षा तरुण आणि मध्यमवयीनांत जास्त असल्याने चालू वर्षाच्या तक्त्यात तेच सर्वात उशिरा पोहोचतात.