आधी सुटका, मग आज्ञा

‘मूल ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या कानांत दोष आहे असे कोणी समजत नाही. बायबलच्या जुन्या कराराची हिब्रू भाषाही याच वळणाची आहे. तिथला ‘शमा’ हा धातू ऐकणे आणि आज्ञा पाळणे या दोन्हींसाठी येतो, आणि ‘हे इस्राएला, श्रवण कर’ (अनुवाद ६:४) ही हाक त्याच धातूची. नव्या करारातला ‘हुपाकोए’ हा आज्ञापालनासाठीचा ग्रीक शब्दही ऐकण्याच्याच क्रियापदावरून घडला आहे.

सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञा बहुतेकांना पाठ असतात, पण त्यांच्या आधीचे वाक्य सहसा निसटते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात देव आधी सांगतो की, मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून तुला बाहेर आणणारा मीच. आज्ञा त्यानंतर येतात. यहुदी परंपरा तर याच वाक्याला दहांतले पहिले वचन मानते. सुटका आधी झाली, आज्ञा सुटलेल्यांना दिल्या. माझ्या मते ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दोन हजार वर्षांत आज्ञापालनावरून झालेले जवळजवळ सगळे वाद हा क्रम विसरल्यामुळे किंवा त्याचा अर्धाच भाग धरल्यामुळे झाले.

क्रम विसरला की विधी उरतो. शौल राजाने अमालेक्यांच्या लुटीतली उत्तम गुरेमेंढरे देवाची आज्ञा मोडून यज्ञाच्या नावाखाली राखली, तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्याला सुनावले की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. येशूने आज्ञा सैल केल्या नाहीत. डोंगरावरील प्रवचनात खुनाची मनाई त्याने रागापर्यंत नेली. मात्र पाळण्याचे कारण त्याने भीती सांगितले नाही, स्वतःवरची प्रीती सांगितले (योहान १४:१५). प्रेषित पौलाने ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे मरणही आज्ञापालनच म्हटले (फिलिप्पै २:८).

पहिला मोठा पेच इ.स. ४९ च्या सुमारास यरुशलेमेत सुटला. विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का? प्रेषितांनी ते ओझे लादले नाही. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरवून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा, एवढेच सांगितले.

पाचव्या शतकात प्रश्न आणखी खोल गेला. ‘तू आज्ञा करतोस ते तूच दे, आणि मग हवी ती आज्ञा कर’ अशी उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याची प्रार्थना होती. ती धर्मशिक्षक पेलागियसला सहन झाली नाही. माणसाला पाळता येईल तेच देव सांगतो, असे त्याचे म्हणणे. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. पाळण्याचे बळसुद्धा कृपेने मिळते, हे पाश्चात्त्य मंडळीने तेव्हा स्वीकारले. शतकभराने इटलीतला मठाधिपती बेनेडिक्ट याने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्याचा पहिलाच शब्द आहे ‘ऐक’.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथ जन्माला घालणाऱ्या धर्मसुधारणेच्या काळातला फरक मला प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत सर्वांत स्पष्ट दिसतो. या सुधारणेचा जर्मन प्रणेता मार्टिन ल्यूथर याच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा सुरुवातीलाच आहेत, कारण त्या वाचून माणसाला आधी आपले पाप कळावे. १५६३ च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीतही पाप नियमशास्त्रामुळेच कळते, पण दहा आज्ञांचे सविस्तर विवरण शेवटच्या, तिसऱ्या भागात आहे आणि त्या भागाचा विषय आहे कृतज्ञता. हा तोच सीनायचा क्रम. मध्यंतरी, १५३७ पासून, ल्यूथरचा सहकारी आग्रिकोला म्हणू लागला की पश्चात्तापासाठी नियमशास्त्राची गरज नाही, शुभवर्तमान पुरे. ल्यूथरने त्याला कडाडून विरोध केला. रोमन कॅथलिक बाजूने त्रेंतच्या परिषदेने १५४७ मध्ये ठरवले की नीतिमान ठरलेल्या माणसालाही आज्ञा बंधनकारक आहेत.

विसाव्या शतकात हा प्रश्न जर्मनीत पुन्हा जिवंत झाला. नाझी सत्तेपुढे मंडळीतले पुष्कळ लोक गप्प होते. १९३७ मध्ये जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने लिहिले की शिष्यत्वावाचूनची कृपा ही स्वस्त कृपा आहे, आणि जो विश्वास ठेवतो तोच आज्ञा पाळतो, जो पाळतो तोच विश्वास ठेवतो. हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली गेली.