कॉन्चेर्टोचा पहिला प्रयोग आणि रेडिओ : पार्श्वभूमी

उस्ताद अल्लादियाखाँ १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारात रुजू झाले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी कोल्हापूरच्या कानांत मुरली. मुंबईत १९२७ साली रेडिओ सुरू झाला आणि खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरीही त्यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. पुत्र भूर्जीखाँ आणि शिष्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यामार्फत गायकी टिकली. तो आवाज मात्र गेला. ज्या शहराने ही हानी सोसली आहे, त्याला नव्या कॉन्चेर्टोच्या पहिल्या प्रयोगाचे रेडिओवरून प्रसारण होण्याचे मोल सहज कळावे.

कॉन्चेर्टो ही एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली, बहुधा तीन भागांची रचना असते. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मैफलीत कलावंत राग त्या क्षणी मांडतो, तर येथे जवळजवळ प्रत्येक स्वर आधीच कागदावर उतरलेला असतो. मात्र एवढे वादक पुन्हा एकत्र आणणे खर्चाचे असल्याने अनेक नव्या रचनांच्या वाट्याला दुसरा प्रयोग लवकर येत नाही, आणि म्हणूनच पहिल्या प्रयोगाला साक्षीदार हवा असतो.

हे साक्षीदाराचे काम रेडिओने १९३० च्या दशकात किती चोख केले, याची दोन उदाहरणे मला फार मोलाची वाटतात. ऑस्ट्रियन संगीतकार आल्बान बेर्ग यांचे डिसेंबर १९३५ मध्ये निधन झाले. त्यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो एप्रिल १९३६ मध्ये बार्सिलोना येथे प्रथम वाजला, तेव्हा तो ऐकायला ते नव्हते. पुढच्याच महिन्यात, १ मे रोजी, बीबीसीच्या वाद्यवृंदाने तो लंडनमध्ये सादर केला. संचालन बेर्ग यांचे स्नेही आंतोन वेबेर्न यांनी केले, व्हायोलिनवादक लुई क्रास्नर यांनी त्या प्रसारणाच्या तबकड्या जपून ठेवल्या, आणि म्हणून मित्राने मित्राला दिलेली ती मानवंदना आजही ऐकता येते. दुसरे उदाहरण हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचे. अॅम्स्टरडॅममध्ये २३ मार्च १९३९ रोजी झोल्तान सेकेय यांनी तो प्रथम वाजवला, तेव्हा बार्टोक तेथे उपस्थित नव्हते; आपली ही रचना त्यांनी प्रत्यक्ष ऐकली ती १९४३ साली, न्यूयॉर्कमध्ये. त्या पहिल्या प्रयोगाचे प्रसारण मात्र मुद्रित झाले होते, त्यामुळे खुद्द रचनाकाराला न लाभलेली ती संध्याकाळ आजच्या श्रोत्याला लाभते.

भारतातही वाद्यवृंदाचा विचार रुजला तो मुख्यतः रेडिओच्या आश्रयाने. इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी दिल्ली केंद्रावर भारतीय वादकांना घेऊन वाद्यवृंद बांधण्याचा प्रयत्न केला, पण १९३९ मध्ये ते वारले. नाझींच्या छायेतून मुंबईत आलेले वॉल्टर काउफमन तेथील केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळत. आकाशवाणीची ओळखधूनही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. पुढे १९५२ साली दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला आणि त्याची धुरा पंडित रविशंकर यांच्याकडे आली. अनेक वादकांकडून राग मांडून घेण्याची जी जाण त्यांनी तेथे कमावली, तिचाच पुढचा टप्पा म्हणून मी त्यांच्या पहिल्या सतार कॉन्चेर्टोकडे पाहतो. लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने मागणी करून लिहून घेतलेली ही रचना २८ जानेवारी १९७१ रोजी रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली सादर झाली. खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांज खमाज असे तिचे चार भाग आहेत. उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबला कॉन्चेर्टो २०१५ साली मुंबईत प्रथम वाजला; त्याचे ‘पेशकार’ (एकल तबलावादनाच्या आरंभीचा विस्तार) हे नाव तबला ऐकणाऱ्या कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही.

कोल्हापूरला कायमस्वरूपी सिंफनी वाद्यवृंद नाही. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि या परिसराला रेडिओ जवळचा झाला. तरी परदेशी वाद्यवृंदाचा पहिला प्रयोग घरी बसून ऐकण्याची खरी सोय इंटरनेटमुळे झाली. लंडनचा प्रॉम्स महोत्सव १९२७ पासून बीबीसीकडे आहे, त्यात दरवर्षी नव्या रचनांचे पहिले प्रयोग होतात आणि मैफली रेडिओवरून थेट प्रसारित केल्या जातात. तेथे उन्हाळ्यातील सायंकाळी साडेसातची मैफल सुरू होते, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे बारा वाजलेले असतात.