पडवीतलं गॅरेज: कोकणात गाडी घरी खोलण्यामागची गोष्ट

किनाऱ्यावरच्या गावांत मोटरसायकल घरीच खोलायची सवय हौसेपोटी लागलेली नाही. पेट्रोल पंप तालुक्याला, मेस्त्री तालुक्याला, सुटे भाग त्याच्याही पुढे, आणि मध्ये खाडी. खाडीतली तर (माणसं-गाड्या पलीकडे नेणारी होडी) चुकली की अख्खा दिवस गेला. मग प्लग साफ करणं, केबल बदलणं, चेन ओढणं ही कामं ज्याच्या दारात गाडी उभी त्यानेच करायची, असा शिरस्ता पडला.

पहिल्या पिढीचं फार सांगण्यासारखं नाही. 1955 पासून मद्रासला बुलेट बनू लागली, पण कोकणात ती मोजक्यांच्याच दारात दिसायची. साठच्या दशकात राजदूत आली, म्हैसूरची जावा आली (पुढे तीच येझदी झाली), 1972 मध्ये लूना आली. बुलेट सोडली तर या सगळ्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या. व्हॉल्व्ह नाहीत म्हणून टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, त्यांची फट जुळवावी लागते) नाहीत. चार-दोन पान्यांत हेड हातात येतं. त्रास असायचा तो पॉइंटचा (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा स्विच) आणि कार्बनचा. खाऱ्या दमट हवेत पॉइंटच्या तोंडावर थर धरायचा, किक मारून पाय दुखला की समजायचं. मग पॉलिश पेपरने घासून 0.4 मिमीच्या आसपास फट ठेवायची. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नसेल तर दाढीची चार ब्लेडं एकावर एक ठेवून काम भागतं, कारण एक ब्लेड साधारण 0.1 मिमी जाडीचं असतं.

खरा बदल झाला तो 1984 ते 1986 या काळात. जपानी सहकार्याने 100 सीसीच्या चार गाड्या पाठोपाठ आल्या: इंड-सुझुकी, आरएक्स 100, हिरो होंडा सीडी 100 आणि कावासाकी बजाज. आरएक्सचं नाव अजून निघतं, पण पडवीतल्या दुरुस्तीला वळण लावलं सीडी 100 ने. चौघींत तेवढीच फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली आणि प्लग महिनोन्‌महिने न काळवंडता राहू लागला. त्या बदल्यात टॅपेट आले आणि इंजिन ऑइल वेळेवर बदलायची शिस्त आली. ही शिस्त घरात बसवणं सोपं होतं. खालचा बोल्ट 17 च्या पान्याने सोडायचा, काळं तेल जुन्या डब्यात उतरवायचं, वरून लिटरभरापेक्षा कमी नवं तेल ओतायचं. 1994 मध्ये त्याच घराण्यातली स्प्लेंडर आली. एकाच इंजिनाचे सुटे भाग वर्षानुवर्षं लागत राहिल्याने तालुक्याच्या दुकानात काहीही मागितलं तरी मिळू लागलं. घरी दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली?

कोकणातली सर्व्हिसिंग किलोमीटरवर कमी आणि पावसावर जास्त चालते. आगोटीची बेगमी करताना सुकी मासळी, मसाला, लाकूडफाटा भरतात, त्यातच गाडीचाही नंबर लागतो. मिरग लागण्याआधी केबलमध्ये तेल सोडायचं, ब्रेक शू काढून घासायचे, एअर फिल्टर उघडायचा. फोमचा फिल्टर असला तर जांभ्याची धूळ त्यात विटकरी चिखल होऊन बसलेली असते. तो रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, सुकवून पुन्हा तेलाचा हात द्यायचा. कागदी असला तर धुवायचा नाही, टाकायचा.

मिठाचं प्रकरण घाटावरच्या माणसाला लवकर पटत नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून पाऊस नसतानाही लोखंड ओलं राहतं. सगळ्यात वाईट अवस्था मासे वाहणाऱ्या गाड्यांची. मागच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी मागच्या रिमवर, चेनवर, स्विंग आर्मवर ठिबकत राहतं. स्पोकची निपल अशी धरतात की चाक आउट झालं तर ती फिरत नाहीत, स्पोकच तुटतो. चेसिसला जळकं ऑइल फासायची पद्धत यातूनच आली. ती गलिच्छ आहे, माती धरते, रबराची नासाडी करते, आणि तरीही गंजापुढे परवडते.

आता वादाचा मुद्दा: कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा साधा भाग) जाऊन इंजेक्शन आलं, ते बरं झालं की वाईट? जानेवारी 2016 मध्ये केंद्राने ठरवलं की बीएस 4 (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराची मर्यादा ठरवणारा नियम) नंतर बीएस 5 गाळून थेट बीएस 6 वर जायचं, तारीख 1 एप्रिल 2020. मधल्या काळात न्यायालयाच्या आदेशाने 1 एप्रिल 2017 पासून बीएस 3 गाड्यांची विक्री थांबली आणि आदल्या दोन दिवसांत सवलतीत गाड्या घेण्यासाठी झुंबड उडाली. त्या झुंबडीत घेतलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या अजूनही लोक सोडायला तयार नाहीत. 2020 नंतर 100 सीसीच्या बहुतेक साध्या गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला. टाकीत पंप आला, पेट्रोल साधारण 3 बार दाबाने इंजेक्टरपर्यंत जाऊ लागलं, किती सोडायचं ते ईसीयू (गाडीतला छोटा संगणक) सेन्सर पाहून ठरवू लागला.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं खोटं नाही. धूर कमी झाला, थंडीत चोक ओढायला नको, दर पावसाळ्यात जेट (कार्बोरेटरमधली बारीक छिद्रं) फुंकायला नको. शहरात राहून कोणी याला नावं ठेवली तर ती निव्वळ आठवणींची हळहळ म्हणावी. पण निर्णय झाला तो सगळा हवेच्या हिशोबाने. वीज आठवडाभर जाते त्या गावाचा हिशोब त्यात दिसत नाही. जुन्या किकच्या गाडीची बॅटरी मेली तरी बहुतेक वेळा ती सुरू व्हायची, कारण ठिणगीपुरती वीज मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून वीज करणारा भाग) देत असे आणि पेट्रोल टाकीतून आपसूक उतरत असे. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार बसली की पंपच फिरत नाही. कित्येक मॉडेलांना तर किकच उरली नाही. नियम लागू होऊन दोन महिने झाले आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दापोलीकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. चार्जिंगला लावायला प्लग पॉइंट होता, वीज नव्हती.

चिपळूणचे दोन पूर शेजारी ठेवून पाहिले तर फरक आणखी उघडा पडतो. जुलै 2005 च्या पुरात बुडालेल्या मोटरसायकली जवळपास सगळ्या कार्बोरेटरच्या होत्या. अशा गाडीवरचा इलाज ठरलेला आहे: किक मारायची नाही, आधी प्लग काढायचा, मग किक हळूहळू दाबून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं. ताकासारखं पांढरट झालेलं ऑइल उतरवायचं, नवं घालायचं, थोडं चालवून तेही बदलायचं. कार्बोरेटरचा बाउल उघडून गाळ धुवायचा, टाकी रिकामी करायची. मॅग्नेटोचं कव्हर उघडून आतलं सुकवायचं. काम मोठं असलं तरी घरी होतं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी पुन्हा शहरात शिरलं तेव्हा बुडालेल्यांत दोन्ही पिढ्या होत्या. नव्या गाडीला वरचं सगळं करावं लागतंच, शिवाय वायरिंगचा प्रत्येक कप्लर (तारांचा जोड) उघडून सुकवावा लागतो. ईसीयू सहसा सीलबंद असतो, तो वाचू शकतो; हिरवी पडते ती कप्लरमधली पितळी पिन, आणि ती दोन-तीन महिन्यांनी त्रास देते, कधी येणारा कधी न येणारा. असा फॉल्ट पान्याने सापडत नाही. काही गाड्यांत मीटरवरचा इंजिनाचा दिवा लांब-आखूड लुकलुकून कोड सांगतो, आणि तो मोजता येणारी पोरं आता गावोगावी आहेत. पण कोडने सेन्सर कळतो, पिन कळत नाही.

यात आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. 2023 च्या सुरुवातीला ते मोजक्या पंपांवर आलं, आणि दोनेक वर्षांत सर्रास झालं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं. रोजच्या गाडीला याची झळ फारशी पोचत नाही. अडचण होते ती चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाडीची, जी शिमग्याला झाकली जाते आणि गणपतीला उघडते. मधले बरेच दिवस पावसाचे, टाकी अर्धी, वर दमट हवा. गाडी ठेवताना टाकी काठोकाठ भरावी म्हणजे आत हवा कमी राहते, हा जुना सल्ला अजूनही बरोबर आहे. कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू सैल केला की तेवढंही पेट्रोल निघून जातं. इंजेक्शनच्या गाडीला असा स्क्रू नाही. तिची टाकी उतरवून पंपाची जाळी बाहेर काढावी लागते, आणि पंपाखालचं रबरी सील एकदा काढलं की ते नवंच घालायचं.